छतावरची पेन्सिलीची रेघ

आमच्या गच्चीवर सलग तीन वर्षं पावसाळ्याच्या तोंडावर वॉटरप्रूफिंगचा रंग मारून घेतला. पहिल्या वर्षी पांढरा, दुसऱ्या वर्षी विटकरी, तिसऱ्या वर्षी पुन्हा पांढरा, पण खाली जाळी घालून. तिन्ही वर्षं मागच्या खोलीचं छत गळलं. दरवर्षी रंग मारणारा वेगळा असायचा आणि दरवर्षी ऐकायला एकच मिळायचं, की आधीच्या माणसाने माल बरोबर वापरला नव्हता. चौथ्या वर्षी मी ठरवलं, की पाणी नेमकं कुठून शिरतंय हे कळल्याशिवाय गच्चीवर एकही डबा उघडू द्यायचा नाही. ते कळायला एक अख्खा पावसाळा गेला आणि त्यानंतर दुरुस्तीला जवळपास तीन महिने. हे सगळं बारकाव्यांसह लिहिते आहे, कारण तेव्हा असं काही वाचायला मिळालं असतं तर आमची ती तीन वर्षं वाचली असती.

मागची खोली आईची. पंख्याखाली तिची कॉट. पाणी भेगेतून किंवा कोपऱ्यातून येत नव्हतं, पंख्याच्या दांड्याला धरून उतरत होतं. दांड्यावरून ओघळ यायचा, पंख्याच्या मोटरवर पसरायचा आणि एका पात्याच्या टोकाशी जमून थेंब पडायचा. कॉट भिंतीकडे सरकवली, खाली बादली ठेवली. पण त्याआधी करायचं काम वेगळं होतं, ते मला पहिल्या वर्षी सुचलंच नाही आणि आठवलं की अजून अंगावर काटा येतो. छतातल्या विजेच्या डब्यातून पाणी येत असेल तर सगळ्यात आधी त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला वीज तोडणारा खटका, पाडायचा. पंखा नाही, दिवा नाही, काही नाही. बादली नंतर.

चौथ्या वर्षी आमच्याकडे जे मिस्त्री आले ते वयाने मोठे, आयुष्यभर स्लॅब आणि गिलावा हेच काम केलेले. गच्चीवर जायच्या आधी ते आईच्या खोलीत आले, वर बघत उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "ताई, पाऊस सुरू झाला की किती वेळाने गळायला लागतं?"

तीन वर्षांत हे कुणीही विचारलं नव्हतं. मला उत्तरही देता आलं नाही.

"तेवढं लिहून ठेवा," ते म्हणाले. "पाऊस आला की लगेच गळत असेल तर उघडी भेग आहे. उशिरा गळत असेल तर वर पाणी साठतंय कुठेतरी. आणि पाऊस नसतानाही गळत असेल तर गच्ची सोडा, आधी नळाची लाइन बघा." मग त्यांनी शिडी मागितली, कानावरची पेन्सिल काढली आणि छतावरच्या ओल्या डागाच्या कडेने रेघ मारली, आत तारीख घातली. "डाग वाढला की नवी रेघ मारायची, नवी तारीख घालायची."

त्या पावसाळ्यात मी वही ठेवली. पाऊस कधी सुरू झाला, कधी थांबला, पहिला थेंब कधी, शेवटचा कधी. महिनाभराने वही बघितली तर चित्र स्वच्छ होतं. पहिल्या तीन-चार सरींना घरात थेंबही नाही. दोन दिवस चांगला पाऊस झाला की तिसऱ्या दिवशी पंखा गळायला लागायचा. आणि पाऊस थांबून कोरडं ऊन पडलं तरी पुढे दोन दिवस गळतच राहायचा. म्हणजे स्लॅबवर कुठेतरी पाण्याची टाकीच होती. ती भरायला वेळ लागायचा आणि रिकामी व्हायलाही वेळ लागायचा.

ती टाकी म्हणजे आमचा कोबा. घर 27 वर्षांपूर्वीचं. स्लॅबवर विटांचे तुकडे मालात बसवून केलेला 10 सेंटिमीटर जाडीचा थर आणि त्यावर घोटून गुळगुळीत केलेला सिमेंटचा पृष्ठभाग. उन्हाळ्यात घर थंड राहायला आणि उतार द्यायला तो चांगलाच. पण वरच्या पृष्ठभागाला एकदा तडा गेला की विटा स्पंजासारखं पाणी पितात, आणि एका जागी शिरलेलं पाणी आतल्या आत आडवं हिंडत राहतं. रंग वरून मारायचा आणि पाणी खाली बसलेलं, अशी आमची तीन वर्षं गेली होती.

मिस्त्रींनी एक लोखंडी सळई घेऊन अख्खी गच्ची ठोकून काढली. सळई हलक्या हाताने उभी सोडायची आणि आवाज ऐकायचा. पक्क्या जागी टणक, चढा आवाज येतो. जिथे थर खालून सुटलाय तिथे आवाज पोकळ, बसका. पहिल्यांदा मला फरक कळेना, दहा मिनिटांनी डोळे मिटूनही कळायला लागला. पोकळ जागेभोवती खडूने गोल करत गेलो. गोल सगळ्यात दाट होते ते मधल्या भागात आणि पावसाचं पाणी गच्चीवरून वाहून नेणाऱ्या नळाच्या तोंडाशी. आईच्या पंख्याच्या बरोबर वर एकही गोल नव्हता.

पावसाळा संपल्यावर पाणी तुंबवून पाहिलं. अख्खी गच्ची एकदम भरायची नाही, हे मिस्त्रींनी बजावलं होतं. सगळीकडे पाणी असेल तर खाली गळलं तरी कुठून आलं ते कळत नाही. आमची गच्ची 9 मीटर बाय 8 मीटर, म्हणजे 72 चौरस मीटर. ओल्या मातीची आळी घालून तिचे चार भाग केले. एका भागात 5 सेंटिमीटर पाणी भरायचं, 48 तास थांबायचं, खाली बघत राहायचं, मग ते काढून दोन दिवसांनी पुढचा भाग. उंच बाजूच्या भागापासून नाही, सखल बाजूपासून सुरुवात करायची, म्हणजे वरून वाहत येणारं पाणी फसवत नाही. एक हिशेबही आधी करायला हवा. 5 सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 50 किलो वजन. चारांतल्या एका भागात 900 लिटर पाणी होतं. स्लॅब आधीच कमकुवत असेल, सळया उघड्या पडल्या असतील, तर हे करण्याआधी इंजिनिअरला दाखवूनच करावं. आम्ही दाखवलं होतं.

पहिला भाग नळाच्या तोंडाचा. पाणी सकाळी भरलं, रात्री पंखा गळला. नळाच्या तोंडापासून पंखा मोजून 5 मीटर लांब.

नळाचं तोंड जवळून पाहायला मी गच्चीवर पालथी झोपले होते ते आठवतं. पीव्हीसीचा पाइप कठड्याच्या पायथ्यातून बाहेर काढलेला, त्याच्याभोवती सिमेंट भरलेलं, त्यावर तीन वर्षांचे रंगाचे थर. रंग पाइपच्या काठावर एखाद्या सुकलेल्या सायीसारखा सुटला होता. नखाने उचलला तर खाली पाइप आणि सिमेंट यांच्यामध्ये एक फट, पोस्टकार्ड सहज आत जाईल एवढी, आणि ती पाइपभोवती जवळजवळ पूर्ण फिरलेली. अख्ख्या गच्चीचं पाणी ज्या एका भोकाकडे जायचं, त्या भोकाच्या कडेनेच ते कोब्यात उतरत होतं.

याचं कारण साधं आहे. पीव्हीसी गुळगुळीत, सिमेंट त्याला धरत नाही. शिवाय उन्हाने पीव्हीसी सिमेंटच्या पाच-सहापट वाढतं आणि आकसतं. रोज दुपारी थोडं, रोज रात्री थोडं. कितीही भारी सिमेंट भरा, काही महिन्यांत फट पडणारच. याच जागेसाठी इतकं लिहिते आहे, कारण गळती शोधणाऱ्यांपैकी बहुतेकजण गच्चीच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघतात. मोकळ्या जागेला सहसा काही होत नाही. गळतं ते सांध्यात: नळाचं तोंड, कठड्याचा पायथा, टाकीच्या स्टँडचे पाय, वर येणारे पाइप.

बाकीच्या तीन भागांपैकी दोन कोरडे राहिले. चौथ्यात दुसऱ्या दिवशी कठड्याखालच्या भिंतीला ओल आली, म्हणजे तिथला सांधाही फुटला होता.

आता प्रश्न काय करायचं हा. तीन ठिकाणी सल्ला विचारला. एकाचं म्हणणं, आधीच्यापेक्षा महागाचा रंग मारू, दहा वर्षं बघायला नको. दुसऱ्याने सांगितलं, आहे त्यावरच आणखी एक कोबा घालू. हे ऐकून मी कागद घेऊन बसले. 10 सेंटिमीटर कोब्याचं वजन दर चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास, म्हणजे 72 चौरस मीटरला 14 टनांहून जास्त. एवढं ओझं स्लॅबवर आधीपासून आहे, ते पाण्याने भिजून आणखी जड झालंय आणि त्यावर पुन्हा तेवढंच चढवायचं? 27 वर्षांच्या स्लॅबवर? इंजिनिअरनी एका शब्दात नाही म्हटलं. मिस्त्रींचं मत, जुना कोबा पूर्ण काढा. अर्धा काढून भागणार नाही, कारण जुन्या-नव्याच्या सांध्यातून पाणी पुन्हा आडवं जाईल. हे सगळ्यात त्रासाचं आणि धुळीचं काम होतं. आठवडाभर आम्ही घरात त्यावर बोलत राहिलो. शेवटी आई म्हणाली, "एकदाच काय ते करा आणि मोकळे व्हा." तिथे निर्णय झाला.

कोबा फोडायला पाच दिवस लागले. मोठं ब्रेकर मशीन मिस्त्रींनी लावू दिलं नाही, छिन्नी-हातोडा आणि हलकं मशीन एवढंच. स्लॅबला हादरे बसले की नव्या भेगा पडतात. खाली आईच्या खोलीत टेकू लावले होते. आणि फोडलेला माल गच्चीवर एका जागी ढीग करून ठेवायचा नाही, रोजचा रोज खाली उतरवायचा, कारण पसरलेलं वजन वेगळं आणि एका जागी साचलेलं वेगळं.

तिसऱ्या दिवशी मधला भाग निघाला. पाऊस जाऊन दोन महिने होत आले होते, वरचा पृष्ठभाग उन्हाने तापलेला, आणि खाली विटा काळपट, ओल्या. एक तुकडा मी हातात घेतला, थंडगार होता. दाबला तर बोटांना पाणी लागलं. खाली स्लॅबवर पाण्याचा पातळ थर होता, त्यावर आमचे चेहरे दिसत होते.

चौथ्या दिवशी पंख्याचं कोडं सुटलं. स्लॅब झाडून साफ केल्यावर त्यावर एक बारीक, सरळ भेग दिसली. भेगा सहसा वेड्यावाकड्या असतात, ही दोरी धरून मारल्यासारखी होती. मधल्या सखल भागातून निघून नेमकी पंख्याच्या दिशेने गेलेली. मिस्त्रींनी छिन्नीने थोडं उकरलं आणि बोटभर खोलीवर विजेच्या वायरचा पाइप लागला. स्लॅब ओतताना तो फार वर राहिला होता, त्याच्यावरचं काँक्रीट पातळ, म्हणून तिथेच ते तडकलं. पाणी नळाच्या तोंडातून कोब्यात शिरायचं, मधल्या खोलगट जागेत साठायचं, भेगेतून या पाइपात उतरायचं आणि पाइपातून घरंगळत पंख्याच्या डब्यात. शिरण्याची जागा एक, साठण्याची दुसरी, गळण्याची तिसरी. आधीच्या तिघांनी पंख्याच्या वरच्या जागेवर दोन हात जास्त मारले होते.

मधली जागा खोलगट का होती तेही मोजून कळलं. मिस्त्रींनी कोबा फोडण्याआधीच लेव्हल पाइप लावला होता. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन जागी धरायची, पाण्याची पातळी सारखी राहते, त्यावरून कुठली जागा वर आणि कुठली खाली हे मिलिमीटरमध्ये समजतं. गच्चीला निदान 100 ला 1 असा उतार हवा, म्हणजे दर मीटरला 1 सेंटिमीटर. आमचा एकुलता एक नळ कोपऱ्यात, त्याच्यापासून समोरचा कोपरा तिरका 12 मीटर. म्हणजे 12 सेंटिमीटर उतार हवा. होता जेमतेम 4. आणि नळाच्या तोंडाशी वर्षानुवर्षं सिमेंट आणि रंग चढवून ती जागाच मधल्या भागापेक्षा दीड सेंटिमीटर उंच झाली होती. गळू नये म्हणून केलेल्या प्रत्येक दुरुस्तीने पाण्याची वाट थोडी थोडी बंद केली होती.

म्हणून दुसरा नळ काढायचं ठरलं. कोपऱ्यातला जुना बंद करून समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक नळ, आणि गच्चीच्या मधोमध उंचवटा. यातून आणखी एक गोष्ट साधली जी मला आधी लक्षात आली नव्हती. पाण्याला आता जास्तीत जास्त 6 मीटर जायचं, म्हणजे 6 सेंटिमीटर उतार पुरतो. उतारासाठी घालायचा थर पातळ झाला आणि स्लॅबवरचं वजन पुष्कळ उतरलं. एक नळ पाल्याने तुंबला तरी दुसरा चालू राहतो हा फायदा वेगळाच.

नळाचं तोंड यावेळी कसं बसवलं ते सांगते. पाइपच्या बाहेरच्या अंगाला, जिथे सिमेंट येणार तिथे, आधी पाइप जोडायचं सोल्युशन लावून त्यावर जाड वाळू चिकटवली आणि ती पक्की सुकू दिली. गुळगुळीत पाइप असा खरबरीत झाला की सिमेंटला पकड मिळते. भोवतीची जागा न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे फटी भरायच्या सिमेंटच्या पातळ मालाने, भरली. तोंडाभोवती हातभर जागा बाकी गच्चीपेक्षा सेंटिमीटरभर खोल ठेवली, म्हणजे वर कितीही थर आले तरी तोंड उंच व्हायचं नाही. आणि वॉटरप्रूफिंगचा थर तोंडापाशी थांबवला नाही, त्यात बसवलेल्या मजबुतीच्या कापडासकट पाइपच्या आत 10 सेंटिमीटर उतरवला.

भेगेला इंग्रजी व्ही आकाराचा चर कापून ती लवचीक सीलंटने भरली. कडक सिमेंट भरलं असतं तर पुन्हा तडकलं असतं, कारण स्लॅब स्थिर नसतो. 9 मीटर लांबीचं काँक्रीट 40 अंशांनी तापलं की साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांब होतं. कठडा विटांचा, त्याची हालचाल वेगळी, म्हणून दोघांच्या सांध्यात भेग पडते. तिथे सरळ काटकोन ठेवायचा नाही. पूर्ण कठड्याच्या पायथ्याशी मालाची गोलाई काढली, 5 सेंटिमीटरची. थर काटकोनात दुमडला की तिथे तो ताणला जातो आणि फाटतो, गोलाईवरून तो सहज वर चढतो. कठड्यावर थर 20 सेंटिमीटर वर नेला आणि गिलाव्यात आडवा चर कापून त्याची वरची कड त्यात बसवली, नाहीतर भिंतीवरून ओघळणारं पाणी थराच्या मागून उतरतं. कठड्याचा माथा सपाट होता, त्याला आतल्या बाजूला उतार दिला. तिथून पाणी भिंतीत मुरतं हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग उताराचा थर घातला, सात दिवस त्यावर पाणी मारलं, आणि मग नुसतं थांबायचं. हा भाग मला सगळ्यात जड गेला.

थर वाळला की नाही हे बघायची सोपी रीत आहे. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक घ्यायचं, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करायच्या आणि एक रात्र, निदान 16 तास, तसंच ठेवायचं. सकाळी प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची जागा काळी पडली तर आत ओल आहे. पाणी मारणं थांबवून पंधरा दिवस झाले होते. तीन जागी प्लास्टिक लावलं. दोन कोरड्या निघाल्या, तिसऱ्या ठिकाणी, जुन्या नळाच्या बाजूला, आतून बारीक दव. आभाळ भरून येत होतं. मी घाई केली. म्हटलं, दोन जागा कोरड्या आहेत, तिसरीही वाळेल, पहिला हात मारून घेऊ. मिस्त्रींना ते पसंत नव्हतं, पण मी आग्रह धरला.

सकाळी हात मारला. दुपारी वर गेले तर जुन्या नळाच्या बाजूला रुपयाएवढे फुगे आलेले, वीस-पंचवीस तरी. मिस्त्रींनी ब्लेडने एक कापला. आत पाण्याचा थेंब होता. खालची ओल उन्हाने वाफ होऊन वर आली आणि थराला ढकलून गेली. बोलले काहीच नाहीत, नुसता तो थेंब दाखवला. मला फार वाईट वाटलं, कारण तीन वर्षांच्या पहिल्या चुकीचं कारणही हेच होतं, थांबायची तयारी नसणं.

जवळपास 10 चौरस मीटरचा थर खरवडून काढला आणि पुढे बारा दिवस थांबलो. भरून आलेलं आभाळ न बरसता गेलं. यानंतरचे हात दुपार कलल्यावर मारले. सकाळी मारलं की ऊन चढतं तसा थराखालच्या छिद्रांतला वारा गरम होऊन वर येतो आणि बारीक फोड धरतात. दुपारनंतर गच्ची थंड व्हायला लागलेली असते, तेव्हा तो वारा आत ओढला जातो, थर घट्ट बसतो.

आम्ही पॉलियुरेथेनचा पातळ द्रवरूप प्रकार निवडला, वर उन्हाला टिकणारा पांढरा हात. काही घरांना डांबराच्या जाड शीटा बरोबर पडतात, त्या 3-4 मिलिमीटर जाड असतात आणि आगीच्या ज्योतीने चिकटवतात. आमच्याकडे पाइप आणि कोपरे फार, म्हणून बिनसांध्याचा थर बरा. खरा फरक मात्र नावात नव्हता, जाडीत होता. मिस्त्रींनी खडूने गच्चीचे चौकोन आखले आणि एका हाताला 20 किलोच्या एका बादलीत 20 चौरस मीटर, असा नियम ठेवला. चौकोन संपला आणि माल उरला तर हात पातळ झालाय, पुन्हा फिरवा. पहिला हात आडवा, दुसरा उभा. दोन हातांचे मिळून दर चौरस मीटरला 2 किलो. तेव्हा मी मागचा हिशेब केला. पहिल्या वर्षी अख्ख्या 72 चौरस मीटरला 20 लिटरची एकच बादली आली होती. ओला असताना तो थर पाव मिलिमीटरच्या किंचित वर भरतो, वाळल्यावर त्याहून कमी. तो रंगच होता, वॉटरप्रूफिंग नव्हतं.

वर थर वाळत होता त्या आठवड्यांत खाली छताचं काम चालू होतं. पंख्याभोवतीचा सुटलेला गिलावा काढला तर दोन सळया गंजलेल्या. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो, आतून काँक्रीटला रेटतो आणि पोपडे पडतात. नुसते पोपडे लिंपून चालत नाही. सळईच्या मागे दोन बोटं जाईल एवढं काँक्रीट मोकळं केलं, तारेच्या ब्रशने सळई चकचकीत होईपर्यंत घासली, इंजिनिअरनी जाडी मोजली. झीज थोडी होती, जास्तीची सळई लागली नाही. गंजरोधक प्रायमर, मग पॉलिमर मिसळलेला माल, दोन थरांत. वायरचा तो पाइप कायमचा बंद केला आणि पंख्याची वायर भिंतीवरून पट्टीत घेतली. दिसायला थोडी खटकते, पण स्लॅबच्या आत पाण्याला आता वाट नाही.

शेवटी पुन्हा पाणी तुंबवलं, यावेळी दोन्ही नळ बंद करून, पुन्हा 48 तास. खाली काहीच नाही. मिस्त्रींनी तरी छताला रंग लावू दिला नाही. "स्लॅब आतून वाळायला महिने लागतील, ताई. आत्ता रंग मारलात तर तो फुगेल आणि तुम्हाला वाटेल पुन्हा गळतंय." ओलीने छतावर आलेला पांढरा लोणा, म्हणजे क्षार, ब्रशने झाडून घेतला, बाकी डाग तसाच ठेवला. त्याच्याभोवती गेल्या वर्षीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकात एक, प्रत्येकीत तारीख. नव्या मालावर त्या तुटल्या होत्या तिथे मी पुन्हा जोडून घेतल्या.

पावसाळा आला. पहिल्या तीन-चार सरींना मी निर्धास्त होते, कारण गेल्या वर्षीही तेव्हा गळलं नव्हतं. वहीत तसं लिहिलेलं होतं. मग दोन दिवस सलग लागला. तिसऱ्या दिवशी पहाटे मी छत्री घेऊन गच्चीवर गेले. दोन्ही नळ जोरात वाहत होते, मध्ये कुठेही पाणी उभं नव्हतं. खाली येऊन शिडी लावली आणि टॉर्चने छत पाहिलं. सगळ्यात बाहेरच्या रेघेपर्यंत हात फिरवला, कोरडं होतं. चौथ्या दिवशी पाहिलं, पाचव्या दिवशीही. पाऊस थांबल्यावर आणखी दोन दिवस पाहिलं, कारण वहीप्रमाणे खरी परीक्षा तेव्हाच होती.

आई दारात उभी राहून बघत होती. "झालं का तुझं?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तशी ती कॉटची एक बाजू धरून उभी राहिली, दुसरी बाजू मी उचलली आणि आम्ही कॉट पंख्याखाली आणली.